दिवे लावते, पण बराखा ओठांवर येत नाही

ठाण्याहून एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातल्या, वाचक भगिनींनी लिहिलंय. वय ६१. त्यांची मावसबहीण तरुणपणी इस्रायलला गेली आणि तिथे दक्षिणेतल्या एका गावात वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून राबली. मागच्या हिवाळ्यात कामावरून परतताना बसथांब्यावर झालेल्या गोळीबारात ती गेली. पत्र थोडं आटोपून देतो:

"लढाई सुरू झाली तेव्हा मी एलियाहू हन्नबीला (एलिया संदेष्ट्याला) नवस केला होता, तिला सुखरूप ठेव, अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन मलिदा करीन. तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या आईबापांचं अंथरूण साफ केलं, आणि तिलाच हे मरण. बातमी मला रात्री नऊला कळली, तिथे तेव्हा साडेपाच वाजले होते. आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, घरातली मेझुझा (दाराच्या चौकटीला लावलेली धर्मवचनांची गुंडाळी) तपासून घ्यायला हवी होती. शेजारच्या काकू म्हणतात, मारणाऱ्याला माफ करा, मन हलकं होईल. मी दर शुक्रवारी दिवे लावते, पण बराखा (दिव्यांवरचं आशीर्वचन) म्हणायला तोंड उघडत नाही. माझा विश्वास गेला का? आणि नवसाचं काय करू?"

ताई,

आधी नवसाचं सांगतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. तुमचा नवस अटीचा होता. ती सुखरूप राहिली तर मलिदा. हलाखात, म्हणजे यहुदी धर्मनियमांत, अट पुरी झाली नाही की नवस लागू होत नाही. तुमच्यावर काही देणं राहिलेलं नाही. आपण नेमके कोणते शब्द बोललो याची शंका असेल, अट न घालता "करीनच" असं तोंडून गेलं असेल, तर जाणत्या तीन माणसांसमोर बसून नवस सोडवून घ्यायची रीत आहे, तिला 'हतारत नेदारिम' म्हणतात. तीन जणांपुढे नवस सांगायचा, कोणत्या परिस्थितीत केला ते सांगायचं, आणि हे असं होणार हे ठाऊक असतं तर केला नसता, हे म्हणायचं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. मशिदीतल्या हज्जानांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारा, ते माणसं जमवतील. (इतर वाचकांसाठी: बेने इस्राएल आपल्या सिनेगॉगला जुन्या बोलीत मशीद म्हणतात.)

नवस फसला म्हणून एलियाहू हन्नबीकडे पाठ फिरवावीशी वाटत असेल, तर त्याच्याबद्दल पुढे लिहितो. त्याआधी मेझुझावाल्या बाईंकडे वळू.

त्या बोलल्या ते चुकीचं तर आहेच, पण मनाईचंही आहे. तालमुदात, म्हणजे यहुदी पंडितांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, बाबा मेत्सिया या भागात, ५८व्या पानाच्या मागच्या बाजूला, 'ओनाअत देवारिम' म्हणजे शब्दांनी केलेली इजा, याची उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक असं: ज्याच्यावर दुःख कोसळलंय, ज्यानं आपली माणसं पुरली, त्याच्याशी बायबलमधल्या ईयोबाच्या, निर्दोष असून सगळं गमावलेल्या माणसाच्या, मित्रांसारखं बोलू नये. त्या मित्रांनी काय म्हटलं होतं? "निर्दोष असून कोणाचा नाश झाला, आठव बरं." म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या, ४२व्या अध्यायात देव स्वतः या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. आता बघा, ते तिघं पुस्तकभर देवाची बाजू मांडत होते आणि ईयोब देवाला जाब विचारत होता.

मेझुझा तपासायचीच, पण वेगळ्या कारणासाठी. घरच्या मेझुझाची तपासणी सात वर्षांत दोनदा, असा नियम आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत कातड्यावरची शाई उकलते, अक्षराला चीर जाते, म्हणून पावसाळा सरल्यावर जाणत्या सोफेरकडून, म्हणजे ती लिहिणाऱ्याकडून, पाहून घेतलेलं बरं. त्याचा बंदुकीच्या गोळीशी संबंध नाही. त्या बाई पुन्हा बोलल्या तर वाद घालू नका. "असं बोलायला आपल्यात मनाई आहे" एवढं एकदाच सांगा आणि उठा.

आता मोठा प्रश्न. चांगल्याला वाईट मरण का?

हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नव्हेत. अब्राहामानं विचारला, सर्व पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? यिर्मयानं विचारला, दुष्टांची वाट सुखाची का? तालमुदाच्या बेराखोत भागात, ७व्या पानावर तर असं आहे की मोशेनं हेच विचारलं, आणि रब्बी मेईर यांच्या मते त्याला उत्तर दिलं गेलं नाही. मोशेला नाही मिळालं, तर ते आमच्याकडे असल्याचा आव आणणार नाही.

उत्तरं मात्र पुष्कळ दिली गेली आहेत. यहुदी तत्त्वज्ञ रामबाम (मृत्यू १२०४) यांनी माणसावर येणाऱ्या वाईटाचे तीन प्रकार केले: देह नाशवंत आहे म्हणून येणारं, माणसानं माणसावर आणलेलं, आणि माणसानं स्वतःवर ओढवलेलं. तुमच्या बहिणीचं मरण उघडच दुसऱ्या प्रकारातलं. माणसाला बरंवाईट निवडायची मोकळीक आहे, आणि कोणीतरी वाईट निवडलं. तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात, देव आपलं मुख लपवतो असा शब्द आहे, 'हेस्तेर पानिम', त्यावर पुढच्यांनी खूप लिहिलं. आणि कोणी म्हणतं, चांगल्याचा मोबदला या जगात नसतोच, पुढच्या जगात असतो. यातलं कुठलंही उत्तर रात्री दोन वाजता कामाला येत नाही, हे आमचं प्रामाणिक मत. पहिल्या वर्षात ही उत्तरं दुसऱ्याला द्यायला जाऊ नये आणि स्वतःवरही लादू नयेत. पिर्के आवोतच्या चौथ्या अध्यायात रब्बी यन्नाय यांचं एका ओळीचं वचन आहे: दुष्टांचं स्वास्थ्य आणि सज्जनांचं दुःख, दोन्हींचा उलगडा आपल्या हाती नाही. मिश्नेच्या, म्हणजे तालमुदाच्या मूळ ग्रंथाच्या, पंडितांनी ते ग्रंथात ठेवलं, गाळलं नाही.

आता विश्वास जाण्याबद्दल. एलिशा बेन अबुया हा मोठा पंडित होता. तालमुदात त्याचा विश्वास फिरण्याचं एक कारण असं दिलंय: एका बापानं मुलाला सांगितलं, झाडावर चढ आणि घरट्यातली पिल्लं आण. मुलगा चढला, आधी पक्षिणीला उडवून लावलं, मग पिल्लं घेतली. तोरात दीर्घायुष्याचं वचन ज्यांना स्पष्ट दिलंय त्यातल्या या दोन आज्ञा, आईबापाचा मान आणि पक्षिणीला सोडून देणं. दोन्ही एकाच वेळी पाळून तो मुलगा उतरताना पडला आणि मेला. एलिशानं असलंच काही पाहिलं आणि तो तुटला. लोकांनी त्याचं नावही घेणं सोडलं, त्याला 'आहेर', म्हणजे दुसराच कोणी, म्हणू लागले.

पण रब्बी मेईर त्याच्याकडे शिकत राहिले. एका शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, एलिशा घोड्यावर बसून चालला होता, जे शब्बाथला चालत नाही, आणि मेईर धडा ऐकत मागून पायी. वाटेत एलिशा थांबला. म्हणाला, मेईर, मागे फिर, घोड्याच्या पावलांवरून मोजलंय, शब्बाथला चालायची हद्द इथे संपते. ही हद्द २,००० हातांची असते, साधारण एक किलोमीटर. ज्याचा विश्वास उडाला तो शिष्यासाठी पावलं मोजत होता. आणि ही गोष्ट तालमुदातच आहे, बाहेर कुठे नाही. तुम्ही शुक्रवारी दिवे लावताय ताई, तुम्ही तर घोड्यावरही बसलेल्या नाहीत.

"तोंड उघडत नाही" हे ढोंग आहे का, असं तुम्हाला वाटत असणार. तालमुदाच्या योमा भागात, ६९व्या पानावर एक चर्चा आहे. मोशेनं देवाला "थोर, पराक्रमी, भयप्रद" म्हटलं. यिर्मयानं पाहिलं की परके लोक मंदिरात धुडगूस घालताहेत, आणि त्यानं "भयप्रद" म्हणणं सोडलं. दानिएलानं पाहिलं की परके लोक देवाच्या लेकरांना राबवताहेत, त्यानं "पराक्रमी" सोडलं. मग पंडित विचारतात, यांनी मोशेचे शब्द कमी केलेच कसे? उत्तर येतं: देव सत्यवचनी आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते त्याच्याशी खोटं बोलले नाहीत. पुढच्या पिढीनं ते शब्द परत आणले आणि आज अमिदा या रोजच्या प्रार्थनेत ते ठरलेले आहेत, आपण ते गाळत नाही. पण जीभ अडली म्हणजे धर्म बुडाला, असं नाही.

म्हणून शुक्रवारचं असं करा. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावता, तसेच लावा. बराखा मोठ्यानं नको असेल तर ओठांतल्या ओठांत, स्वतःला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणा. नियमाला तेवढं पुरतं. तेही एखाद्या आठवड्यात जमलं नाही तर दिवे तरी चुकवू नका. बराखा राहिली तरी दिवे लावल्याचं मोल जात नाही. उलट घोटाळा कुठे होतो, तर माणूस "मनापासून येईल तेव्हाच करीन" म्हणतो, दोन महिने दिवे बंद राहतात, आणि मग पुन्हा काडी ओढायची लाज वाटू लागते.

रोजच्या प्रार्थनेचा आकारही कमी करा. निजताना शेमा, 'ऐक, हे इस्राएला' ही प्रार्थना, तेवढाच. उजवा हात डोळ्यांवर, पहिली ओळ स्पष्ट, दुसरी "बारूख शेम" हळू. आपल्या लोकांना हे शिकवायची गरज नसावी. नवगावच्या किनाऱ्याला लागल्यापासून कोचीनचे शिक्षक येईपर्यंत शनिवार तेल्यांकडे (बेने इस्राएलांचं जुनं नाव) प्रार्थनेची पोथी नव्हती. जन्म, लग्न, मरण, सगळ्याला एकच शेमा म्हणत. तेवढ्यावर कित्येक पिढ्या निघाल्या.

राग येईल त्या दिवशी स्तोत्र १३ घ्या. पाच-सहा ओळींचं आहे, आणि सुरुवातीलाच चार वेळा "कुठवर?" विचारतं. तू मला कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार. मराठीत मोठ्यानं वाचा, एकट्यानं, दार लावून. स्तोत्र ४४ आणखी धारदार आहे, त्यात देवाला "जागा हो, झोपलास का?" असं म्हटलंय. स्तोत्र ८८ सांभाळून. ते काळोखावर संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही. एखाद्या दिवशी तेच हवं असतं, पण रोज रात्री वाचायचं नाही. झोप आणि जेवण तीन-चार आठवडे सलग बिघडलेलं असेल तर डॉक्टरांकडे जा. जीव सांभाळणं ही आज्ञाच आहे.

आणि इथे एलियाहू हन्नबी. मलिद्याच्या ताटात आपण पोहे, ओलं खोबरं, गोडवा, वेलची, वर फळं मांडतो आणि त्याला बोलावतो. तो रथातून स्वर्गात गेला, खंडाळ्याच्या खडकावर चाकांच्या खुणा आहेत, एवढंच बहुतेकांना आठवतं. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १७वा अध्याय काढा. सारफथची विधवा मूठभर पिठातून त्याला भाकर देते, आणि तिचाच मुलगा मरतो. एलियाहू देवाला विचारतो, जिच्या घरी मी उतरलो तिच्यावरही तू हे संकट आणलंस? तुमच्याच पत्रातला प्रश्न. तो मुलगा पुन्हा उठला, तुमची बहीण उठणार नाही, हा फरक आम्ही झाकत नाही. पुढे १९व्या अध्यायात एलियाहू स्वतः रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे, माझा जीव घे. देवदूत त्याला प्रवचन देत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो. तो खातो, परत झोपतो, परत उठवून खायला घालतात. मग चाळीस दिवस चालायचं बळ येतं. तेव्हा मलिदा आत्ता करायला नको, पण ज्याला बोलावता तोही थकून बसला होता, हे लक्षात असू द्या.

तुमची एक अडचण पत्रात लिहिलेली नाही, पण ओळींमध्ये दिसते. तुम्हाला रडायला जागा मिळाली नाही. शिवा, म्हणजे सात दिवसांचा दुखवटा, बसायचं ते सात नात्यांसाठी: आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा किंवा बायको. मावसबहीण यात येत नाही. म्हणून तुम्ही कपडा फाडला नाहीत, सात दिवस खाली बसला नाहीत, कोणी भेटायला आलं नाही, आणि दुःख तसंच उभ्याउभ्या राहिलं. हे पुष्कळांचं होतं.

करता येण्यासारखं बरंच आहे. कद्दिश, म्हणजे गेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना, तिची मुलं म्हणत असतील, साधारण अकरा महिने. तुम्ही शनिवारी मशिदीत जा आणि दुसऱ्या कोणाच्याही कद्दिशला "आमेन, येहे शमे राब्बा मेवाराख" एवढं उत्तर द्या. कद्दिशमध्ये मरणाचा शब्दही नाही, सगळी स्तुती आहे, म्हणून तुम्हाला ते जड जाईल. बेराखोतच्या ३ऱ्या पानावर रब्बी योसे एका पडक्या जागेत प्रार्थनेला शिरतात. दारात कोण थांबून राहतं? एलियाहू. तोच त्यांना सांगतो की इस्राएलचे लोक सिनेगॉगमध्ये हे उत्तर देतात तेव्हा देव मान हलवतो आणि म्हणतो, लेकरांना दूर घालवणाऱ्या बापाची काय दशा, आणि बापाच्या पंगतीतून उठवलेल्या लेकरांची काय दशा. त्या उत्तराच्या वेळी दुःख एकट्या माणसाचं राहत नाही, असं आपले पंडित समजत.

तिचं नाव लिहाल तिथे पुढे "हशेम यिक्कोम दामाह" लिहा, देव तिच्या रक्ताचा जाब घेवो. मारलं गेलेल्या यहुदी माणसाच्या नावापुढे हे लिहितात, पुरुषासाठी दामो. जाब घेणारा तो आहे, हे त्या वाक्यातच आहे. दानधर्म करायचा तर १८च्या पटीत करण्याची रीत आहे, 'हाय' म्हणजे जिवंत या शब्दाच्या अक्षरांची बेरीज १८ होते. १८० रुपये, १,८०० रुपये, झेपेल तसे. एखाद्या वृद्धाश्रमाला दिलेत तर तिच्या कामाशी जुळेल.

वर्षदिवसाची तारीख मात्र आत्ताच नक्की करा, इथे हमखास चूक होते. यहुदी दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि जिथे मरण आलं तिथला सूर्यास्त धरतात. हिवाळ्यात इस्रायल आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तुमच्याकडे नऊ वाजता बातमी आली तेव्हा तिथे साडेपाच, म्हणजे सूर्य बहुधा बुडालेला. पण बातमी यायला किती वेळ लागला? ती सूर्य बुडायच्या आधी गेली असेल तर एक तारीख, तारे दिसल्यावर गेली असेल तर पुढची. तिच्या मुलाला मृत्यूच्या दाखल्यावरची वेळ विचारा. सूर्यास्त आणि तारे दिसणं यांच्या मधली वेळ निघाली, किंवा यहुदी पंचांगातला महिना अदार असला, तर रब्बींना विचारूनच ठरवा. त्या रात्री काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, तरंगती वात. २४ तास चालायला हवी, म्हणून काही दिवस आधी एकदा लावून किती तेल जळतं ते पाहा. दिवस शब्बाथला आला तर हा दिवा शुक्रवारच्या दिव्यांच्या आधी लावायचा आणि मग त्यात तेल घालायचं नाही.

त्या मुलाला फोन कराल तेव्हा आधी तुम्ही बोलू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले, ते होतं त्यांचं खरं सांत्वन. बोलायला लागल्यावर सगळं बिघडलं. त्यावरूनच नियम आहे की शोक करणाऱ्यानं तोंड उघडल्यावरच बाकीच्यांनी बोलावं. फोनवर अवघड जातं, तरी "मी आहे" म्हणून थांबा. ठेवताना सेफार्दी रीतीचं "मिन हश्शामायिम तेनुहामू" म्हणा, वरून तुमचं सांत्वन होवो.

काकूंना राग न धरता सांगा की माफी तुमच्या हातातच नाही. मिश्ना म्हणते, माणसानं माणसाचा केलेला अपराध योम किप्पुरनं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसानंही धुतला जात नाही, ज्याचा केला त्याची समजूत घातल्याशिवाय. जिची समजूत घालायची ती गेली. तिच्या वतीनं माफ करायचा अधिकार मावसबहिणीला नाही, मुलालाही नाही. तुमच्यावर तो बोजा नको. कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये नोव्हेंबर २००८ मध्ये रब्बी गाव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग यांच्यासह सहा जण मारले गेले. ते घर २०१४ मध्ये पुन्हा उघडलं. ते उघडण्यासाठी कोणी आधी कोणाला माफ करावं लागलं नाही.

शेवटी, बिरड्याचा रोजा. तुमच्यासारख्यांसाठी वर्षातला हाच दिवस बांधलेला आहे, तिशा बेआव, मंदिराच्या नाशाच्या शोकाचा उपास. त्या रात्री जमिनीवर बसून विलापगीत वाचतात, पाच अध्याय. ज्यांना वर्षभर "धीर धरा" ऐकावं लागतं त्यांना त्या रात्री कोणी धीर धरायला सांगत नाही. यंदा घरी वाचू नका, मशिदीत जा. पुस्तक संपतं ते फार कडू ओळीवर, तू आम्हाला साफ टाकून दिलंस, आमच्यावर अतिशय कोपलास. तिथे थांबत नाहीत. एक ओळ मागे येतात आणि "आम्हाला तुझ्याकडे परत फिरव, आमचे दिवस पूर्वीसारखे कर" ही आधीची ओळ पुन्हा म्हणतात. कडू ओळ खोडत नाहीत, तिच्यानंतर ही परत घेतात. त्या वेळी सगळ्यांबरोबर तुमचाही आवाज निघतो का पाहा, नाही निघाला तर ऐका.

आणि रोजा सोडायला बिरडं हवं तर वाल दोन-तीन दिवस आधी भिजत घाला. रात्रभर पाण्यात, मग फडक्यात बांधून मोड येऊ द्या, आणि रोजा लागायच्या आधीच सोलून ठेवा. त्या दिवशी दुपारपर्यंत खाली बसायचं असतं, तेव्हा वाल सोलत बसायला वेळ मिळत नाही.